दोन लहान मुलींच्या बाबाचा उन्हाळा कसा जातो? रोजचे साधे प्रसंग सांगाल का?

आपण प्रश्नासोबत लिहिले आहे की आपल्या मुली आठ आणि चार वर्षांच्या आहेत, पत्नी नुकतीच नोकरीवर रुजू झाली आहे आणि यंदाच्या मे महिन्यात दुपारनंतरचा सगळा वेळ मुली प्रथमच एकट्या आपल्यावर सोपवलेल्या असतील. माझी परिस्थिती बरीचशी अशीच आहे, म्हणून लिहितो. माझी थोरली नऊ वर्षांची आहे आणि धाकटी सहा वर्षांची. आम्ही ठाण्यात, नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत राहतो. मी कारखान्यात पाळीने काम करतो आणि सुट्टीच्या दिवसांत शक्यतो सकाळची पाळी मागून घेतो, त्यामुळे साडेतीनच्या सुमारास घरी येतो; पत्नी लोकलने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. मधल्या वेळात घरात मी, दोन मुली आणि माझी आई. आई दुपारी आडवी झालेली असते आणि तिची झोप मोडायची नाही, हा आमच्या घरातील पहिला कायदा आहे.

सरळ उत्तर द्यायचे तर दोन मुलींच्या बाबाचा उन्हाळा मुख्यतः वाटणी करण्यात जातो. पालकांच्या गटांवर शिबिरे, छंदवर्ग आणि सहली यांची चर्चा पुष्कळ चालते, परंतु रात्री पत्नी घरी आल्यावर मुली तिला जे सांगतात त्यात यातले फारसे काही नसते. कोय कोणी चोखली, खिडकीशी कोण बसले आणि बाबांनी कोणाची बाजू घेतली, एवढेच असते. वर्षभर शाळा आणि शिकवणी यांमुळे दोघी एकमेकींच्या वाट्याला तशा कमीच येतात. मे महिन्यात मात्र त्या दिवसभर एकाच खोलीत असतात आणि घरातील बहुतेक चांगल्या वस्तू एकेकच असतात.

आंब्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्याकडे दिवसाची सुरुवात नाही तरी दुपारची सुरुवात त्यानेच होते. आम्ही हापूसची पेटी थोडी कच्चीच आणतो आणि पलंगाखाली पेंढ्यात आढी लावतो. मी घरी आलो, हातपाय धुतले, की दोघी पलंगाखाली शिरतात आणि एकेक फळ बाहेर काढून तपासतात. थोरली देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून पाहते, धाकटी फक्त वास घेते, आणि खरे सांगायचे तर धाकटीचा निर्णय अधिक वेळा बरोबर ठरतो, हे थोरलीला अजिबात पटत नाही. पिकलेले फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि शेजारची फळेही त्यामुळे लवकर पिकतात, हे मी एकदा सांगितले. तेव्हापासून स्वतःच्या पसंतीच्या कच्च्या आंब्याशेजारी एखादे पिकलेले फळ गुपचूप सरकवून ठेवण्याचा उद्योग दोघींनीही सुरू केला आहे. निवडलेली फळे बादलीतल्या पाण्यात अर्धा तास पडतात, देठाचा चीक निघून जातो, आणि मग खरा प्रश्न उभा राहतो, कारण आंब्याच्या दोन बाजूंच्या फोडी दोन असल्या तरी कोय एकच असते.

या बाबतीत आमच्याकडे ठरलेला नियम असा की एकीने कापायचे आणि दुसरीने आधी निवडायचे. थोरलीला सुरी धरू देतो. तिने कोयीला मुद्दाम भरपूर गर ठेवला तर धाकटी नेमकी कोयच उचलते, आणि कोय अगदी खरवडून काढली तर फोडी जाड होतात म्हणून धाकटी त्याच घेते. त्यामुळे कापताना थोरलीच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता दिसते ती गणिताच्या वहीसमोर कधी दिसलेली नाही. धाकटीच्या हातात सुरी देत नाही, त्यामुळे तिची पाळी असेल तेव्हा ती सालीवर बोट ओढून रेघ दाखवते आणि मी त्या रेघेवरून कापतो. एक अडचण मात्र कोणत्याही नियमाने सुटत नाही, ती म्हणजे साका. वरून देखणा, सुवासिक हापूस कापावा आणि आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघावा, हे बाहेरून ओळखता येत नाही. साका निघालेल्या फळाचा मालक कोण, या वादात मी तो भाग काढून टाकून उरलेले फळ स्वतः खातो. दोघी याला अन्याय म्हणतात, पण निदान एकमताने म्हणतात.

साडेचार ते साडेपाच हा सर्वांत अवघड तास आहे. ऊन अजून उतरलेले नसते, दमट हवेमुळे पंख्याखालीही घाम वाळत नाही आणि आई झोपलेली असल्याने आवाज करता येत नाही. माझ्या पत्नीचे माहेर अकोल्याचे. तिथल्या माठातले पाणी इतके गार आणि आपल्या माठातले असे कोमट का, असे थोरलीने विचारले होते. माठातून झिरपलेले पाणी बाहेरच्या बाजूने वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. अकोल्याची हवा कोरडी असल्याने ते भराभर वाळते, ठाण्याच्या दमट हवेत तितके वाळत नाही, असे मी सांगितले. तिने दुसऱ्या दिवशी माठाला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर ठेवले. पाणी खरोखरच थोडे गार झाले, आणि पहिला पेला कोणाचा यावरून पुढचे सर्व यथासांग पार पडले.

या तासाला आम्ही पत्ते काढतो. बदाम सात, भिकार-सावकार, कधी गाढव-लादणी. येथे वाटणीचा दुसरा प्रकार समोर येतो, कारण पाने सारखी वाटली तरी नऊ आणि सहा ही वये सारखी होत नाहीत. गेल्या वर्षापर्यंत धाकटी प्रत्येक खेळात कच्चे लिंबू होती. ती बाद होत नसे, तिची चूक धरली जात नसे आणि तिच्यावर राज्य येत नसे. यंदा सुट्टीच्या सुरुवातीलाच तिने जाहीर केले की ती आता कच्चे लिंबू नाही. थोरलीने ही घोषणा फार आनंदाने स्वीकारली आणि त्याच दुपारी तिला लागोपाठ हरवले. धाकटी रडली, पण पुन्हा कच्चे लिंबू होतेस का, असे विचारल्यावर रडतच नाही म्हणाली. अशा वेळी मी मध्ये पडत नाही. बाबाने हळूच चांगले पान सरकवून धाकटीला जिंकवावे असे पुष्कळांना वाटते, परंतु सहा वर्षांच्या मुलीला हे लगेच कळते आणि तो तिला पराभवापेक्षा मोठा अपमान वाटतो, असे माझे मत आहे. आता ती बदाम सातमध्ये अट्टी आणि छक्की अडवून धरायला शिकली आहे. हे तिला मी शिकवलेले नाही, माझ्या आईने शिकवले असावे.

साडेपाचनंतर आम्ही बाहेर पडतो. आपणही बारा ते चार या वेळात मुलींना उन्हात नेऊ नका, कितीही हट्ट झाला तरी. पाण्याची बाटली आणि टोपी संध्याकाळीही बरोबर असू द्या. बाजारातून जाताना येऊरच्या डोंगराच्या बाजूने आलेल्या आदिवासी बायका करवंदे, जांभळे, कैऱ्या घेऊन बसलेल्या असतात. करवंदांचा एक वाटा घेतला की कोंबडा की कोंबडी हा खेळ सुरू होतो: करवंद दातांनी अर्धे तोडायचे, आतून लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी, आणि तोडण्यापूर्वी समोरचीने ओळखायचे. ज्याचे बरोबर त्याला करवंद. चिकाने ओठ आणि बोटे चिकट होतात, फ्रॉकवर डाग पडतात, आणि ते डाग काढणे हे माझ्याच वाट्याचे काम असल्याने मला खेळ थांबवण्याचा काहीही हक्क नाही, असे दोघींचे म्हणणे आहे.

तेथून तलावपाळीपर्यंत, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठापर्यंत, आम्ही एका रांगेत चालतो. याला कारण ठाण्याचा इतिहास आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीला चौदा डबे होते आणि ती ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. चौतीस किलोमीटरचे अंतर आणि सुमारे 400 प्रवासी, हे आकडे मुलींना मुळीच महत्त्वाचे वाटले नाहीत. तीन इंजिने आणि आपणही तिघे, एवढेच त्यांनी उचलले. सुलतान कोण होणार यावर वाद ठरलेला. सम तारखेला थोरली, विषम तारखेला धाकटी, असे मी ठरवून दिले. 31 तारखेच्या पाठोपाठ 1 तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, हे थोरलीच्या लक्षात आले तेव्हा तिने दिनदर्शिका काढून मे महिन्याच्या अखेरीचा हिशोब माझ्यासमोर मांडला, म्हणून ते दोन दिवस सुलतानपद माझ्याकडे राहते. एरवी मी कायम सिंध असतो आणि मध्ये चालतो. गर्दीच्या पदपथावर तेच सोयीचे पडते, कारण दोन्ही हात दोघींपर्यंत पोहोचतात.

मासुंदा तलावात होड्या आहेत, पण दर वेळी होडीत बसत नाही. काठाने एक फेरी, कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूला थोडा वेळ, मग बर्फाचा गोळा किंवा ताडगोळे. गोळ्याबद्दल माझे आणि आईचे मतभेद आहेत, त्यामुळे बहुतेक दिवस ताडगोळेच. सोलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दोघी गप्प बसतात.

एक दिवस मात्र मी रजा टाकून किंवा पाळी बदलून दुपारी घरी थांबतो. ठाणे साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य येथे वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा 16 मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढगांमुळे बहुधा काही दिसत नाही, म्हणून मेची तारीख चुकवायची नाही. वेळ दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या आसपास असते. दुपारच्या उन्हात न जाण्याचा नियम त्या पंधरा मिनिटांपुरता मोडतो. गच्चीचा कोबा इतका तापलेला असतो की चपला काढणे शक्य नसते. आम्ही स्टीलचा उंच पेला पालथा ठेवतो, शेजारी कंपासपेटीतला खडू उभा करतो. अकराच्या सुमारास ठेवलेल्या वस्तूची सावली आखडत येते आणि शेवटी पेल्याच्या काठाबाहेर काहीच उरत नाही. माणसाची सावली नाहीशी होत नाही, खांदे आणि डोके यांची गोळा झालेली काळी खूण पायांभोवती उरते. थोरलीच्या पायांपाशी जेवढी खूण होती जवळजवळ तेवढीच धाकटीच्या पायांपाशी होती. धाकटीने दोन्ही खुणा वाकून पाहिल्या, वितीने मोजल्या आणि आपण आता ताईएवढ्या झालो, असा निकाल दिला. दोन वाजेपर्यंत तो मोडीत निघेल, तेव्हा पुन्हा मोजू, असे थोरलीने तिला सांगितले. पुन्हा गच्चीवर जायला मी परवानगी दिली नाही. त्यामुळे धाकटीच्या दृष्टीने तो निकाल अजून कायम आहे.

आपण आणखी एक विचारले आहे की मुली सतत भांडल्या तर काय करता. काही करत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. मारामारी झाली तर दोघींना वेगळे करतो आणि पाच मिनिटे बोलत नाही. पण वाटणीवरून चाललेला वाद मी भांडण समजत नाही. त्यात दोघी नियम बनवतात, पळवाटा शोधतात, एकमेकींना काय आवडते हे बारकाईने पाहतात. धाकटीला कोयीपेक्षा फोडीच अधिक आवडतात, ती केवळ ताईला हवी म्हणून कोय मागते, हे माझ्याआधी थोरलीने ओळखले आणि तेव्हापासून ती कोय नको असल्याचे नाटक करते. आपल्या धाकटीचे वय चार आहे, त्यामुळे एकीने कापणे आणि दुसरीने निवडणे हे तिला यंदा कदाचित जमणार नाही. तिला दोन वस्तूंपैकी एक निवडायला सांगा आणि उरलेली थोरलीला द्या, तेवढे पुरते. कच्चे लिंबूही तिला आणखी वर्षभर राहू द्या.

आता आमच्याकडे आंबे संपत आले आहेत. पावसाचे पहिले पाणी पडले की आई उरलेली पेटी काढून टाकते. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल, धाकटी पहिलीत जाईल, आणि थोरलीचे जुने गणवेश कपाटातून बाहेर निघाले आहेत. बरीच चर्चा होऊन करार असा झाला की गणवेश ताईचा चालेल, दप्तर मात्र नवे हवे, आणि पुस्तकांना कव्हरे घालताना तपकिरी कागद कापण्याचे काम धाकटीचे. नावाच्या चिकटपट्ट्या थोरली लिहील. पाण्याच्या बाटलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोघींना निळीच हवी आहे आणि दुकानदाराकडे निळी एकच शिल्लक आहे.