तोटा झाला की तो लगेच भरून काढायला ट्रेडवर ट्रेड मारतो. ही सवय कशी मोडू?

तुम्ही लिहिलंय की सकाळी 'आज दोनच ट्रेड' असं ठरवून बसता, पहिला फसला की दुपारपर्यंत वीस होतात. मन ताब्यात ठेवायला पुस्तक वाचू की ध्यान करू? भाऊ, दोन्ही राहू द्या. दुपारी दीडला तोट्यात बसलेल्या कुणाचंही मन असंच चालतं. त्या वेळी त्याच्या हाती काय काय पोहोचतं, एवढंच आपल्याला बदलता येतं.

मी नागपुरात ट्रेडिंगवाल्यांचे हिशेब आणि रिटर्न बघतो, त्यामुळे माणसाआधी त्याची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेला दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब, माझ्यासमोर येते. एक नोट सांगतो. मिहानमध्ये नोकरीला असलेला मुलगा, नोव्हेंबर 2025 मधला मंगळवार, निफ्टीची वीकली एक्सपायरी, म्हणजे त्या आठवड्याचे ऑप्शन संपायचा दिवस. 9:22 ला कॉल (निफ्टी वर गेला की भाव वाढणारा ऑप्शन) 112 ला घेतला, एक लॉट, म्हणजे तेव्हा 75 नग, आणि 9:31 ला 92 वर कापला. 1,500 गेले. हा ट्रेड चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला भाव, ठरल्या जागी लागला, तोटा ठरला होता तेवढाच झाला. पुढची ऑर्डर चाळीस सेकंदांनी. आता दोन लॉट, 88 ला घेतले, 76 ला सोडले, 1,800 गेले. दिवसाची मर्यादा त्याने स्वतःच 3,000 ठरवली होती, ती पावणेदहाच्या आत संपली. त्यानंतर त्या दिवशी 21 ट्रेड झाले. साडेअकराला चार लॉट, दीडला आठ. मधे 12:10 ला सगळा तोटा भरून तो 400 रुपयांनी वर आला होता. तिथे का थांबला नाहीस विचारलं तर म्हणाला, "तेव्हा वाटलं की आता जमून राहिलं." दिवसअखेर 41,000 गेले.

त्या 12:10 कडे नीट बघा. सगळे 41,000 कडे बघतात, पण सवय लावली ती त्या 400 रुपयांनी. दर वेळी तोटाच झाला असता तर माणूस महिन्याभरात सोडून देतो. कधीमधी भरून निघतं, आणि कधी निघेल ते सांगता येत नाही, म्हणून हात सुटत नाही. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर टोचे मारायचं थांबत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगात दाखवलं होतं. दुसरं कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं: फायद्यात असलेला माणूस सावध होतो आणि तोट्यात असलेला जोखीम वाढवतो, कारण त्याला शून्यावर परतायचं असतं. लॉट एकाचे आठ होतात ते यामुळे. बाजाराला तुमचं शून्य माहीत नसतं.

आता तुमचं स्वतःचं दुखणं मोजा. ब्रोकरच्या साइटवरून तीन महिन्यांची ट्रेडबुक (सगळ्या सौद्यांची यादी) एक्सेलमध्ये उतरवा. आधीच्या ट्रेडमधून बाहेर पडल्याची वेळ आणि पुढच्या एंट्रीची वेळ, यांतल्या फरकाचा एक कॉलम करा. मग तोट्यानंतर पाच मिनिटांच्या आत घेतलेले ट्रेड एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्हींची बेरीज वेगळी करा. त्या मुलाचे बाकीचे ट्रेड तीन महिन्यांत 6,000 ने मायनस होते. पाच मिनिटांच्या आतले 1,90,000 ने. म्हणजे त्याला ट्रेडिंग किती येत होतं हा प्रश्न त्या पाच मिनिटांपुढे किरकोळ होता.

शहरातल्या एका ट्रेडिंग क्लासवाल्याशी माझा जुना वाद आहे तो यावरूनच. विद्यार्थी बुडाला की 'तुझी सायकॉलॉजी कच्ची आहे' म्हणून ते त्याला दुसरा कोर्स विकतात. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. त्र्याण्णव टक्के लोकांचं मन कच्चं असेल तर तो माणसाचा सर्वसाधारण स्वभावच झाला, आणि स्वभाव शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये बदलत नाही. लोकांना अपराधी वाटायला लावून घेतलेली फी मला मान्य नाही.

करायचं काय? पहिलं काम पैशाच्या वाटेचं. ट्रेडिंग खात्यात एका लॉटचा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) आणि एका दिवसाचा मान्य तोटा एवढंच ठेवा, बाकीचं आज संध्याकाळी पे-आउटला टाका, म्हणजे बँकेत परत मागवा. नुसतं काढून उपयोग नाही, यूपीआयने अर्ध्या मिनिटात परत येतं. म्हणून ते वेगळ्या बचत खात्यात ठेवा, ज्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही, डेबिट कार्ड नाही. शाखा घरापासून लांबची निवडा. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवरून इतवारीत जाऊन स्लिप भरेपर्यंत डोकं निवतं, आणि साडेतीनला बाजारही बंद होतो.

दुसरं, स्टॉपलॉस मनात ठेवू नका, एंट्रीबरोबर सिस्टममध्ये टाका. इथे लोक एक चूक करतात. सप्टेंबर 2021 पासून एनएसईवर ऑप्शनमध्ये मार्केट स्टॉपलॉस चालत नाही, लिमिट द्यावी लागते. ट्रिगर (या भावाला ऑर्डर जागी होते) 92 आणि लिमिट (याच्या खाली विकायचं नाही) 91.50 दिली तर भाव उडी मारून खाली जातो, ऑर्डर तशीच लटकते आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. शंभराच्या आसपासच्या प्रीमियमला चार-पाच रुपयांचं अंतर ठेवा, एक्सपायरीच्या दुपारी त्याहून जास्त.

तिसरं, किल स्विच. बऱ्याच ॲपमध्ये असतो, एकदा दाबला की काही तास त्या विभागातलं ट्रेडिंग बंद. आधी चालू सौदे आणि लटकलेल्या ऑर्डर संपवून मगच दाबा. पण मर्यादा ओलांडल्यावर तो दाबायला जी शांत बुद्धी लागते तीच त्या वेळी नसते. त्यापेक्षा बोटाच्या ठशाचं लॉगिन बंद करा आणि टीओटीपीचं ॲप, म्हणजे लॉगिनसाठी सतत बदलणारा कोड देणारं ॲप, घरच्या माणसाच्या फोनवर ठेवा. सकाळी एकदा कोड मिळेल, लॉगआउट झाल्यावर दुसरा नाही. पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या. आणि दुसऱ्या ब्रोकरकडचं खातं बंद करा, बहुतेकांचं सगळं तिथूनच गळतं.

चौथं, 'संयम ठेवीन' असं ठरवू नका, हाताला काम ठरवून द्या: 'स्टॉपलॉस लागला की फोन ड्रॉवरमध्ये, आणि मी खाली चहाच्या टपरीवर.' 'असं झालं की हे करायचं' असा नेमका ठराव नुसत्या इच्छेपेक्षा टिकतो, हे गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय.

खर्चही लक्षात घ्या. 120 च्या प्रीमियमचा 75 चा एक लॉट घेऊन त्याच भावाला विकला तरी नोव्हेंबर 2025 च्या दरांनी 20 रुपये प्रति ऑर्डर ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी धरून साधारण 64 रुपये जात होते. 'हात बसवायला' असे दहा मारले की 640.

हे सगळं ऑप्शन विकत घेणाऱ्यांसाठी आहे. हेज करून विकणाऱ्याने, म्हणजे एक ऑप्शन विकून जोखीम आवरायला दुसरा घेणाऱ्याने, त्यातला एकच सौदा मधेच कापला तर नुकसान वाढू शकतं, त्याने हे जसंच्या तसं करू नये. कर्ज काढून खेळत असाल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तोट्याचं रिटर्नही मुदतीत भरा. एफ अँड ओचा तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो, उशीर केला तर तो हक्क जातो.

बहुतेक लोक अडतात ते टीओटीपीपाशी, कारण घरच्यांच्या फोनवर तो टाकायचा तर आधी त्यांना आकडा सांगावा लागतो. अंदाजाने सांगू नका. खातं उघडल्यापासूनचं लेजर (ब्रोकरकडचा जमाखर्च) काढा, बँकेतून गेलेल्या पैशांची बेरीज करा, त्यातून परत आलेले आणि आज शिल्लक असलेले वजा करा. उरेल तो आकडा कागदावर लिहा आणि फोन मागायच्या आधी तो कागद त्यांच्या हातात द्या.