माद्रिदचं घड्याळ आणि बारा द्राक्षं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सप्टेंबरपासून माद्रिदला शिकायला आहे. मी संध्याकाळी सातला, देवापाशी दिवा लावून झाला की फोन करते, तर म्हणते, "आई, आत्ता जेवायला बसलेय." तिकडे तेव्हा दुपारचे अडीच. रात्रीचं जेवण दहाला, तेही बऱ्याचदा मैत्रिणींबरोबर बाहेर. आमच्याकडे आठाला पानं घेतली जातात. तिला वळण राहिलं नाही असं समजायचं का? आणि ३१ डिसेंबरला म्हणे चौकात उभं राहून बारा द्राक्षं खाणार. आमची घरची द्राक्षबाग आहे, पण हा प्रकार काही समजला नाही.
— एक आई, तासगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझा माद्रिदमधला पहिला आठवडा आठवला. लावापिएस भागात साठीच्या एका बाईंकडे मी खोली घेतली होती. सवयीप्रमाणे साडेसातला भूक लागली म्हणून खाली उतरले, तर गल्लीतल्या तीनही खाणावळींत एकच उत्तर : स्वयंपाकघर साडेआठनंतर. पाच दिवस मी खोलीत दार लावून एकटीने पाव आणि केळी खाल्ली आणि आठला झोपायचा प्रयत्न केला. बाहेरून पोरांचे आवाज येत राहायचे. सहाव्या दिवशी बाईंनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, साडेनऊला ये, बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे तिथलं जाडसर ऑम्लेट, करतेय. त्या रात्री टेबलावरून उठायला पावणेबारा झाले. परदेशात आल्यापासून मला पहिल्यांदा शांत झोप लागली ती त्या दिवशी.

म्हणून आधीच सांगते, तुमच्या मुलीचं काहीही बिघडलेलं नाही. ती तिथल्या घड्याळाने जेवते आहे. आणि ते घड्याळच मुळात पुढे आहे. नकाशात बघा, माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला येतं; पण तिथली वेळ लंडनच्या एक तास पुढे. १६ मार्च १९४० ला स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे करून जर्मनीच्या वेळेशी जुळवली आणि ती नंतर कधी मागे घेतलीच नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात माद्रिदच्या डोक्यावर सूर्य येतो तो एकनंतर, उन्हाळ्यात तर दोननंतर. जूनमध्ये सूर्य मावळायला पावणेदहा वाजतात. उजेड असताना रात्रीचं जेवण कोण करणार? अडीचचं जेवण म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपलं एक-दीडचंच. रात्रीच्या दहाला मात्र सूर्याचं कारण पुरत नाही, ती सवय आहे. कामाचा दिवस दुपारच्या मोठ्या सुट्टीने दोन तुकड्यांत वाटलेला असायचा आणि संध्याकाळी उशिरा संपायचा, त्यातून ती रुजली.

मधल्या वेळचं खाणं विचारत जा तिला. अकराच्या सुमारास काहीतरी, सहाला 'मेरिएंदा', म्हणजे आपलं चहाच्या वेळचं खाणं. दुपारचं जेवणच मोठं. 'मेनू देल दिया' घेतला की पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. असं जेवलेली मुलगी रात्री आठला उपाशी नसते. ती शाकाहारी असेल तर एक गोष्ट जरूर सांगा : 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. हॅम आणि ट्यूना मासा यांना बरेच लोक मांसात धरतच नाहीत, ते भाजीतही सापडतात. "नी हामोन, नी आतून" असं नाव घेऊन सांगायचं. आणि लावापिएसमध्ये तूरडाळ मिळते, तेही कळवा.

बाहेर जेवण्याचं म्हणाल, तर तिथली घरं लहान असतात आणि माणसं एकमेकांना भेटतात ती बारमध्ये. 'बार' शब्दाने दचकू नका. सकाळी कॉफी-टोस्ट तिथेच, दुपारचं जेवण तिथेच, आणि आजोबा नातवाला घेऊन बसतात तेही तिथेच. उन्हाळ्यात रात्री अकराला चौकात लहान मुलं चेंडू खेळताना आणि बाकांवर म्हाताऱ्या बाया गप्पा मारताना मी रोज पाहिल्या आहेत. मेट्रो रात्री दीडपर्यंत चालते. जेवण झाल्यावर नुसतं बसून बोलत राहण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही, कारण न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. मला भीती वाटते ती दहाला मैत्रिणींबरोबर जेवणाऱ्या मुलीची नाही, आठला एकटीने खोलीत जेवणाऱ्या मुलीची वाटते. मी ते पाच दिवस काढले आहेत.

आता द्राक्षं. पुएर्ता देल सोल हा माद्रिदचा मधला चौक. तिथल्या जुन्या पोस्ट कचेरीच्या मनोऱ्यावर १८६६ पासून घड्याळ आहे. ३१ डिसेंबरला मध्यरात्री त्याचे बारा ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष तोंडात टाकायचं. दोन ठोक्यांत तीन सेकंद. बारा खाऊन झाली तर वर्ष चांगलं जातं असं मानतात. अख्खा देश टीव्हीसमोर वाटी घेऊन बसतो. आधी पाव तासाचे टोले वाजतात, नवखी माणसं त्यांनाच फसून खायला सुरुवात करतात. तिला सांगून ठेवा.

तुम्ही बागायतदार, म्हणून हेही सांगते. ही द्राक्षं बहुतेक आलिकांते प्रांतातल्या विनालोपो खोऱ्यातली. तिथे उन्हाळ्यातच प्रत्येक घडाला कागदी पिशवी बांधतात आणि काढणीपर्यंत काढत नाहीत. किडीपासून बचाव होतो, घड सावकाश पिकतो, साल पातळ राहते. आपल्याकडे पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, येऊ नये म्हणून घडाला वर्तमानपत्र गुंडाळतात, त्याचीच आठवण व्हावी. फक्त त्या द्राक्षात बी असते, त्यामुळे तीन सेकंद फार कमी पडतात. आमच्या बाई संध्याकाळीच सोलून, बिया काढून, वाट्यांत बारा-बारा मोजून ठेवायच्या.

माद्रिदला मध्यरात्र होते तेव्हा तासगावात पहाटेचे साडेचार. तुम्ही एरवीही त्या सुमाराला उठत असाल. तोवर एखाद्या आगाप छाटणीच्या बागेतला घड मिळाला तर बारा मणी मोजून ठेवा आणि व्हिडिओ कॉल लावा. तुमची बिनबियांची आहेत, तुमची तिच्या आधी संपतील.