पाच मिनिटांत अळ्या कुठून आल्या?

प्रश्न : रविवारी मटण आणलं. धुवायला काढलेलं पातेलं पाच-दहा मिनिटं ओट्यावर उघडं राहिलं, तेवढ्यात एक मोठी राखाडी माशी येऊन बसली. हाकलली, तर मटणावर बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. खाटीक शपथेवर सांगतो की मटण ताजं होतं. अंडी इतक्या लवकर उबतात का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : खाटकावर विश्वास ठेवा. अंडी घातलीच गेली नव्हती. ही मांसमाशी. तिची अंडी पोटातच उबतात आणि ती थेट जिवंत अळ्या सोडते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी मटणाचा तुकडा बशीत घालून खिडकीत ठेवायचे आणि मुलींच्या हाती भिंग द्यायचे. माशी बसते, पोटाचं टोक मांसाला टेकवते आणि उडून जाते. मागे राहिलेल्या अळ्या क्षणभरही थांबत नाहीत, लगेच फटीत शिरतात. पुढच्या वेळी माशी नीट पाहा : लाल डोळे, छातीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. माशी जरा वळली की काळा चौकोन रुपेरी दिसतो आणि रुपेरी काळा.

ते मटण टाकून दिलंत ना? बरं केलंत. जाळीचं झाकण मात्र घ्याच. झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत, हे फ्रान्चेस्को रेडी या इटालियन वैद्यानं १६६८ मध्येच दाखवून दिलं आहे.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, मधुमेह आहे. टाचेच्या जखमेत अळ्या निघाल्या. नणंद म्हणते, हे पूर्वजन्मीचं पाप. दवाखान्यात न्यायला आम्हाला लाज वाटते. घरीच रॉकेल ओतलं तर चालेल का? (एक भगिनी, सातपूर)

उत्तर : अंक छापून यायला वेळ लागतो, म्हणून पत्र वाचल्याबरोबर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्याच संध्याकाळी सासूबाईंना दवाखान्यात नेलंत, याचा मला फार आनंद झाला. तरीही उत्तर इथे देते, कारण अशी लाज बऱ्याच घरांत असते.

'किडे पडून मरशील' हा आपल्याकडचा शाप. त्यामुळे खरोखर किडे पडले की घरचे हबकतात आणि दार लावून घेतात. दिंडोरीच्या माझ्या मावशीचं असंच झालं. पायाला जखम, त्यावर हळद आणि जुन्या लुगड्याची पट्टी. चार दिवस पट्टी कुणी सोडली नाही. मी गेले तेव्हा खोलीत उदबत्त्या लावलेल्या होत्या, वास झाकायला. मावशी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला म्हणाली, "बाई, मी कुणाचं काय वाईट केलं गं?" बैलाच्या खांद्याला आसडी पडली तर आपण बैलाला पापी म्हणत नाही. डॉक्टरांना बोलावतो. मग मावशीलाच का?

मधुमेहात पायाला बधिरपणा येतो, अळी चावली तरी कळत नाही. ओलसर, उघडी जखम माशीला लांबून वासानं कळते. मांसमाशीच्या अळीला अंड्यात दिवस काढायचा नसतो, म्हणून अर्धा तास उघडी राहिलेली जखमही पुरते. आपल्याकडे माणसांच्या जखमांत आणि नाकात जास्त करून क्रायसोमिया बेझियाना ही वेगळ्या कुळातली माशी सापडते. ती अंडी घालते, पण तिच्या अळ्या जिवंत मांस पोखरतात. त्यामुळे कुठलीही अळी दिसली तरी वाट पाहू नका.

रॉकेल, फिनाइल काहीही ओतू नका. कातडी भाजते आणि अळ्या आणखी आत शिरतात. डॉक्टर चिमट्यानं एकेक अळी काढतात, जखम धुतात, मेलेलं मांस काढतात, गरज पडली तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. घरी तुमचं काम एवढंच : पट्टी रोज बदला, साखर आटोक्यात ठेवा आणि दुपारीसुद्धा मच्छरदाणी लावा. या माश्या दिवसा फिरतात.

प्रश्न : अळ्यांवरून मृत्यूची वेळ कशी काढतात? (बारावीचा विद्यार्थी, निफाड)

उत्तर : १२४७ साली चीनमधल्या सुंग त्झू या न्यायाधिकाऱ्यानं विळ्यानं झालेला एक खून नोंदवून ठेवला आहे. गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर मांडले, तर माश्या एकाच विळ्यावर बसल्या. धुतलेल्या पात्यावरही त्यांना रक्ताचा वास लागला होता.

आज प्रेतावरच्या अळीचं वय मोजतात, त्यावरून मृत्यूला किती वेळ झाला याचा अंदाज येतो. अळीच्या मागच्या टोकाला श्वास घेण्याची छिद्रं असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत दोन फटी दिसल्या तर ती वाढीच्या दुसऱ्या अवस्थेतली, तीन दिसल्या तर तिसऱ्या. मग येतं तापमान, आणि ते निफाडकराला वेगळं सांगायला नको. जानेवारीत तुमच्याकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात तेव्हा अळी रेंगाळते. एप्रिलच्या उन्हात तीच झपाट्यानं वाढते. म्हणून घटनास्थळाचं तापमान माहीत नसेल तर वय सांगता येत नाही.

माशी कोणती, हेही ठरवावंच लागतं. मांसमाशीच्या अळीला दुसऱ्या माशीची अळी समजलं, तर अंड्यातले न घडलेले तास हिशेबात धरले जातात आणि वेळ चुकते. त्या तासांवर एखाद्याची सुटका अवलंबून असू शकते. मांसमाश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की जात पक्की करायला बहुधा प्रौढ नराची जननेंद्रियं तपासावी लागतात. म्हणून काही अळ्या कडक गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवतात, थेट ठेवल्या तर त्या आक्रसून काळ्या पडतात. उरलेल्या जिवंत नेऊन, खाऊ घालून, त्यांच्या माश्या होईपर्यंत वाढवतात. पोट भरलेल्या अळ्या कोष करायला मातीत उतरतात, तेव्हा प्रेताच्या आजूबाजूची मातीही उकरून चाळावी लागते.