जोडनावातलं पहिलं नाव

तुम्ही विचारलंय : ‘वनस्पतिशास्त्रात कोलोड्नी-वेंट सिद्धान्त आहे. वेंटबद्दल सगळीकडे माहिती मिळते, पण हे कोलोड्नी कोण? आणि परीक्षेत नुसतं वेंट लिहिलं तर चालेल का?’

नाही, चालणार नाही. गुण मिळतीलही कदाचित, पण उत्तर अर्धं राहील. कोंब आणि मूळ प्रकाशामुळे किंवा गुरुत्वाकर्षणामुळे का वळतात, हे टोकातल्या हॉर्मोनवरून सांगणारा हा सिद्धान्त. एकतीस वर्षं मी कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा अशी फार वर्षं इच्छा होती.

आधी नाव नीट करून घेऊ. कोलोड्नी नाही, चोलोड्नी तर नाहीच. मिकोला खोलोद्नी. त्यांचे महत्त्वाचे लेख जर्मन नियतकालिकांत आले, तिथल्या स्पेलिंगमध्ये नावाची सुरुवात सी-एचने होते, आणि आपण ते इंग्रजीसारखं वाचत बसलो. युक्रेनियनमध्ये खोलोद्नी म्हणजे थंड. आपल्याकडे ‘ख’ आहे, तो वापरायला काही हरकत नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, 1984 साल. फिजिऑलॉजी शिकवणारे आमचे सर निवृत्तीला आलेले. ते सिलॅबसमधलं प्रॅक्टिकल करून घ्यायचे आणि मग थांबायला सांगायचे. एकदा त्यांनी मोड आलेला मका आणला, दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे केले आणि आम्हाला दहा-दहा दाण्यांच्या मुळांचं टोक कापायला लावलं. जेमतेम एक मिलिमीटर. दहा दाणे न कापता तसेच ठेवले. सगळी मुळं ओल्या टीपकागदावर आडवी ठेवून पेटी झाकली आणि अंधाऱ्या कपाटात ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर न कापलेली मुळं खाली वळलेली, कापलेली मात्र सरळ, आडवीच वाढत चाललेली. वाढ थांबली नव्हती, हे महत्त्वाचं. खाली कुठे आहे हेच त्यांना कळत नव्हतं.

सर म्हणाले, टोक गेलं की मूळ वळत नाही हे डार्विनच्या काळापासून माहीत आहे. पुढचं ऐका. कीव्हमध्ये एका माणसाने अशा बोडक्या मुळावर मक्याच्याच कोलिओप्टाइलचं (कोवळ्या कोंबावरच्या आवरणाचं) टोक बसवलं. म्हणजे वर जाणाऱ्या कोंबाचं टोक खाली जाणाऱ्या मुळावर. आणि मूळ पुन्हा वळायला लागलं! 1924 साली.

मी त्या रात्री झोपले नाही. याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? कोंबाच्या टोकात आणि मुळाच्या टोकात निरोप देणारा पदार्थ एकच. कोंबात तो वाढ वाढवतो, मुळात रोखतो. झाड आडवं पडलं की तो खालच्या बाजूला जास्त जमतो, म्हणून कोंब वर उचलला जातो आणि मूळ खाली वळतं. दोन उलट्या हालचालींचं कारण एक. हे ज्याला सुचलं तो माणूस कोण, म्हणून मी सरांच्या मागे लागून सगळं लिहून घेतलं आणि जर्नलमध्ये खोलोद्नी यांचं नाव वेंटच्या आधी लिहिलं.

परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नलनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे कोण?” मी सांगायला लागले. “सिलॅबसमध्ये आहे का?” मी म्हटलं, सर, सिद्धान्ताच्या नावातच आहे. त्यांनी लाल पेनाने नाव खोडलं, वर ‘वेंट’ लिहिलं आणि व्हायवाला वीसपैकी नऊ दिले. गुणांचं दुःख वर्षभरात गेलं. पण नंतर आमच्या विभागप्रमुखांनी जी समजूत घातली ती आजही बोचते. ते म्हणाले, “अगं, वेंटने हॉर्मोन काढून दाखवला. त्या दुसऱ्याने नुसती टोकं कापली.”

नुसती टोकं कापली! शरीरक्रियाशास्त्रात कापणं आणि जोडणं हाच तर प्रश्न विचारायचा मार्ग होता. ल्युपिन या शेंगवर्गीय रोपाचा बीजपत्राखालचा दांडा घेऊन, त्याचा मधला गाभा काढून, तिथे मक्याच्या कोलिओप्टाइलची टोकं बसवायची आणि तो दांडा पुन्हा गुरुत्वाकर्षणाला दाद देतो का ते पाहायचं, हेही त्यांचंच काम. हे हात गवंड्याचे नाहीत, सोनाराचे आहेत. फ्रिट्स वेंट यांनी नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये ओटच्या कोलिओप्टाइलवर काम केलं, 1926 ते 1928. खोलोद्नी यांनी टोकाच्या हॉर्मोनवरचा लेख त्याआधी छापला होता, आणि 1927 मध्ये प्रकाशाकडे वळणं व गुरुत्वाकर्षणाने वळणं यांना एकच स्पष्टीकरण दिलं. दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिथे पोचले, म्हणून जोडनाव. कुणी उपकार म्हणून ते लावलेलं नाही.

आता माणसाबद्दल. जन्म 1882, तांबोव्ह इथे, म्हणजे आजच्या रशियात. पण शिक्षण कीव्ह विद्यापीठात, 1906 मध्ये पदवी, आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच अध्यापन. 1929 पासून युक्रेनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य. निधन 1953, कीव्हमध्येच. तिथल्या वनस्पतिशास्त्र संस्थेला 1971 पासून त्यांचं नाव आहे. युक्रेनियन म्हणायचं की नाही असा वाद कुणी घातला तर त्यांनी आयुष्य कुठे घालवलं ते पाहावं.

हॉर्मोन हे त्यांचं एकच काम नव्हे. नीपर नदीवरच्या जीवशास्त्र केंद्रात त्यांनी लोहजीवाणू अभ्यासले. विहिरीच्या किंवा झऱ्याच्या पाण्यात गंजासारखा तांबूस गाळ दिसतो ना, त्यात हे असतात. गॅलिओनेला नावाच्या जीवाणूची पिळाची दोरी म्हणजेच जीव असं समजलं जायचं. प्रत्यक्षात दोरी हा स्राव आहे आणि जिवंत पेशी तिच्या टोकाला बसलेली असते, हे त्यांनी दाखवलं. पुन्हा टोकच! 1926 साली जर्मनीतल्या येना इथून लोहजीवाणूंवरचं त्यांचं पुस्तक निघालं, आणि लेप्टोथ्रिक्स या लोहजीवाणूच्या एका जातीला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. मातीतले सूक्ष्मजीव जागच्या जागी बघायला स्वच्छ काचपट्टी मातीत पुरायची, काही आठवड्यांनी अलगद काढून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, ही पद्धतही रॉसी-खोलोद्नी या जोडनावाने ओळखतात. कृषी महाविद्यालयातल्या मुलांनी ही केलेली असते, नाव माहीत नसतं.

माझ्यावर राग काढू नका, पण मला शिकवणाऱ्यांनाच बोलायचं आहे. नाव गाळलं तर काय बिघडतं असं मला स्टाफरूममध्ये शंभर वेळा ऐकवलं गेलं. बिघडतं. नाव गाळलं की प्रयोग गळतो. वेंट शिकवताना कोलिओप्टाइल आणि अगार या जेलीसारख्या पदार्थाचा तुकडा एवढंच येतं, मूळ येतच नाही, आणि मग मूळ खाली का वळतं हे मुलं निराळं प्रकरण म्हणून पाठ करतात. ज्या वर्षी पेपर तपासायला मी होते त्या वर्षी दोन्ही नावं लिहिणाऱ्या एकाही मुलाचा अर्धा गुणसुद्धा मी जाऊ दिला नाही.

वेंट यांच्यावर अन्याय नको, म्हणून हेही सांगते. टोकातला पदार्थ अगारमध्ये उतरवून त्याचं मोजमाप करायची पद्धत त्यांची. खोलोद्नी यांच्या हातात तो पदार्थ वेगळा कधी आला नव्हता. विभागप्रमुखांचं तेवढं बरोबर होतं.

सिद्धान्त आज टिकलाय का? गाभा टिकला. 1990च्या सुमारास त्यावर बरीच शंका घेतली गेली, ऑक्झिनचा, म्हणजे टोकातल्या त्याच हॉर्मोनचा, फरक पुरेसा नसतो, वाढ रोखणारी दुसरी द्रव्यं असतात, वगैरे. नंतर ऑक्झिन पेशीबाहेर टाकणारी पिन प्रथिनं सापडली; त्यातलं पिन-3 हे 2002 मध्ये नेमकं या वळण्याशी जोडलं गेलं. मुळाच्या टोपीतल्या पेशींत स्टार्चचे जड कण खाली बसतात, त्यावरून दिशा ठरते आणि ऑक्झिन खालच्या बाजूला वळवलं जातं. मात्र मुळातलं बरंचसं ऑक्झिन वरून, कोंबाकडून येतं. टोक ते वाटून देतं. तिथे जुनं चित्र अपुरं होतं.

परीक्षेत ‘खोलोद्नी आणि वेंट, स्वतंत्रपणे, 1924 ते 1928’ असं लिहा, आणि मुळाचं उदाहरण द्या. आणि मका आणा. रात्रभर भिजवा, दोन दिवसांत मुळं सरळ आणि बोटाच्या पेराएवढी झाली की घ्या. खाली आलेखाचा कागद ठेवा म्हणजे एक मिलिमीटर डोळ्याला दिसेल. त्याहून जास्त कापलं तर मूळ वाढायचंच थांबतं. आणि निकाल त्याच दिवशी बघा, कारण दिवस-दीड दिवसात टोक नव्याने तयार होतं आणि मूळ पुन्हा खाली वळायला लागतं.