वॉश आणि ड्रायब्रश वापरून मिनिएचर रंगवणे ही फसवणूक आहे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या कल्पनारम्य खेळासाठी घेतलेले राक्षसांचे छोटे पुतळे (मिनिएचर) कॅमलच्या ट्यूबमधल्या अ‍ॅक्रिलिकने रंगवले तर चालतील का, आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) व ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांना रंग लावणे) म्हणजे निव्वळ फसवणूक, असे आपल्या गटातले एक गृहस्थ म्हणतात, त्यात तथ्य आहे का. पहिल्याचे उत्तर, चालतील. दुसऱ्याचे उत्तर सविस्तर देते, कारण असेच वाक्य मी पुण्यात आमच्या रविवारच्या टेबलावर पुष्कळ ऐकून घेतले आहे.

आमच्याकडेही एक असे गृहस्थ होते. वयाने आणि छंदानेही ज्येष्ठ, घरी काचेचे कपाट, आणि एकेका आकृतीवर पाण्यासारख्या पातळ रंगाचे थरावर थर देण्याची त्यांची चिकाटी खरोखरच वाखाणण्याजोगी. मी त्या सुमारास एक आऊलबेअर, म्हणजे घुबडाच्या तोंडाचे अस्वल, रंगवले होते. अंगाला गडद तपकिरी रंग दिला, तो वाळल्यावर जुन्या, केस फिसकारलेल्या चपट्या ब्रशला पिवळसर मातकट रंग लावून तो टिश्यूपेपरवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसला, आणि पिसांच्या रेषांना आडवा असा हलकेच फिरवत गेले. असे केले की रंग फक्त उंचवट्यांना धरतो आणि पिसांच्या कडा आपोआप उठून दिसतात. त्यावर गडद वॉश सोडला, तो खाचांत जाऊन बसला. मग चोचीची आणि नखांची टोके हाडाच्या रंगाने उजळली आणि शेवटी डोळे केले. गृहस्थांनी तो हातात घेतला, मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि खांद्यावरची खडूसारखी भुरकट झाक सगळ्यांना दाखवत म्हणाले, “हे रंगवणे नव्हे, ही पळवाट आहे.”

त्याच संध्याकाळी खेळात त्यांचा ट्रोल नावाचा राक्षस आणि माझा आऊलबेअर शेजारीशेजारी उभे राहिले. ट्रोलच्या कातडीवर हिरव्याच्या इतक्या नाजूक छटा होत्या की हातभर अंतरावरून, ट्यूबलाइटच्या उजेडात, त्या सगळ्या मिळून एक शेवाळी गोळा झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या एका मुलाने निरागसपणे विचारले की ट्रोलचे तोंड नेमके कुठल्या बाजूला आहे. आऊलबेअरबद्दल असे कोणालाही विचारावे लागले नाही.

खेळाची आकृती टेबलापलीकडून ओळखू यावी लागते, आणि ती ओळखू येते उजेड-सावलीच्या ठळक फरकामुळे. छटा किती मऊ मिसळल्या यामुळे नव्हे. शिवाय ज्या गेम्स वर्कशॉप या मिनिएचर बनवणाऱ्या कंपनीच्या नमुन्यांचे दाखले ते गृहस्थ ऊठसूट देत, त्याच कंपनीने 2019 साली कॉन्ट्रास्ट नावाचे रंग बाजारात आणले, जे फिक्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या पायाच्या थरावर) एकदाच लावले की खाचांत गडद आणि उंचवट्यांवर फिके राहतात. पळवाट असेल तर ती कंपनीनेच काढून दिली आहे. आणि आऊलबेअरचे घराणे तरी कुठे मोठे? डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांच्याकडे हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्त प्लास्टिकची चित्रविचित्र जनावरे होती. त्यांवरूनच आऊलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस जन्मले.

आता रंगांविषयी. ट्यूबमधला रंग घट्ट असतो. तो नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर पकड सोडतो, म्हणून थोडे अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगाला पकड देणारा पारदर्शक द्रव) मिसळावे. पिवळा आणि लाल थेट काळ्यावर लावू नयेत, खाली मातकट किंवा गुलाबी थर द्यावा. व्हॅलेहो या मिनिएचर-रंगांच्या कंपनीची बाटली परवडली तर काळा, पांढरा आणि एक तपकिरी तेवढे घ्या, उरलेले पैसे बारीक टोकाच्या चांगल्या ब्रशवर घाला. सिंथेटिक ब्रशचे टोक लवकर वाकते, मग डोळे काढता येत नाहीत. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका, दमट हवेत त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो. हाताने लावायचा प्रायमर घ्या. रीपर कंपनीच्या बोन्स आकृतींसारख्या मऊ प्लास्टिकवर काही स्प्रे कायमचे चिकट राहतात, तेव्हा आधी साबणाने धुऊन तळाशी तपासून पाहावे.

हे सारे टेबलावरच्या आकृतींना लागू आहे. गोल्डन डेमनसारख्या स्पर्धेत उतरायचे असेल, तर परीक्षक जवळून पाहतात आणि तिथे त्या गृहस्थांची पद्धतच कामाला येते, हे मान्य करायला हवे. जुन्या धातूच्या आकृतींत शिसे असू शकते, त्यामुळे त्या हाताळताना ब्रशचे टोक ओठांनी सरळ करण्याची सवय सोडा. आपल्या गटातल्या गृहस्थांना मात्र फोटोवरून वाद घालू देऊ नका; त्यांची आकृती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायला सांगा आणि ती काय आहे हे एखाद्या नवख्या खेळाडूला विचारा.