टोपीतली मॅकरोनी

प्रश्न : माझी नात अमेरिकेत वाढते आहे. ती ‘यांकी डूडल’ हे गाणं म्हणते. त्यातला डूडल तट्टावर बसून गावात येतो, टोपीत पीस खोवतो आणि त्याला ‘मॅकरोनी’ म्हणतो. मॅकरोनी तर खायची! शिवाय माझ्याजवळच्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात फॉप, डँडी, कॉक्सकोम या सगळ्यांपुढे ‘छेलबटाऊ’ एवढंच लिहिलंय. फरक काहीच नाही का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : ताई, फरक आहे, आणि तो पुसला गेला की मला फार वाईट वाटतं.

आधी मॅकरोनी. 1760-70च्या सुमारास इंग्लंडमधली श्रीमंत पोरं इटली फिरून यायची. तिथल्या मॅकरोनीची चटक लागलेली, म्हणून त्यांना हे नाव पडलं. डोक्यावर हातभर उंच केसांचा टोप, त्यावर एवढीशी टोपी आणि अंगाला चिकटलेला कोट. म्हणजे गाण्यातला गावंढळ माणूस एक पीस खोवून स्वतःला लंडनचा छेलबटाऊ समजतो. इंग्रज सैनिक अमेरिकनांना हिणवायला हे गाणं म्हणत. पुढे अमेरिकनांनीच ते गाणं अभिमानाने उचललं.

कॉक्सकोम म्हणजे कोंबड्याचा तुरा. विदूषकाच्या टोपीवर तसा तुरा असे, त्यावरून पोकळ ऐट मिरवणारा. पॉपिंजे हाही असाच एक शब्द, मुळात अर्थ पोपट. फॉपचा जुना अर्थ नुसता ‘मूर्ख’. नट्टापट्टा त्याला नंतर चिकटला.

डँडी मात्र या पंगतीत बसवू नका. त्यांचा म्होरक्या ब्यू ब्रमेल, जन्म 1778. त्याने भपका हद्दपार केला. केसांना पावडर नाही, कपड्यांवर जरीकाम नाही. गडद कोट आणि स्वच्छ धुतलेलं पांढरं कापड. गळ्याला खळ दिलेला रुंद मलमली पट्टा गुंडाळायचा, हनुवटी वर करून उभं राहायचं आणि ती हळूहळू खाली आणत चुण्या पाडायच्या. एक चुणी बिघडली की पट्टा बाद. त्याचा नोकर चुरगळलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन जिना उतरताना म्हणे, ‘हे आमचे फसलेले’, असा किस्सा सांगतात. आजचा पुरुषांचा साधा गडद सूट बराचसा त्याच्याच वळणाचा आहे. कर्जापायी 1816मध्ये तो फ्रान्सला पळाला आणि 1840मध्ये तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात वारला.

तेव्हा कोशात दुरुस्ती करा : फॉपला ‘नटवा’, मॅकरोनीला ‘छेलबटाऊ’. ब्रमेलला यातलं काहीच लावू नका. भाषांतरात मी ‘डँडी’च ठेवते.