जुन्या सायकलींचं पुढचं चाक एवढं अवाढव्य का असायचं?
कारण चेन नव्हती. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल द्राइसने बनवलेल्या लाकडी गाडीला तर पेडलच नव्हते, जमिनीवर पाय मारत पळवायची, मग 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पेडल आले पण ते थेट पुढच्या चाकाच्या आसालाच, म्हणजे पेडल एकदा फिरवलं की चाकही एकदाच फिरणार, मग स्पीड हवा तर चाकच मोठं करा! दीड मीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात साधारण 4.7 मीटर जातं. त्याहून मोठं करायचं तर पाय पुरायला नकोत का, आणि दगड आडवा आला की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. खरी क्रांती माझ्या मते 1885 ची, इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने रोव्हर नावाच्या सायकलला मागच्या चाकावर चेन दिली, आता पेडलच्या चकतीला 48 दाते अन् मागच्या चाकाच्या चकतीला 16 असले की एका पेडलला चाक तीनदा फिरतं.